बावीस रिकामी पोटं

इस्माईलभाई गिरणीत आले की आधी रांगेतला पहिला डबा वाजवायचे. दोन बोटांनी वरून खाली टकटक करत जायचे. आवाज बदलला की तिथं अंगठा टेकवायचे आणि म्हणायचे, "इथपर्यंत ज्वारी हाय, भाबी." झाकण काढून पाहावं तर दाणे बराबर अंगठ्याशी. मग बोलणं सुरू. टरबूज, दार, पाण्याची टाकी, जे समोर येईल ते वाजवून पाहायचे. एकदा वाकून डबा बांधत असलेल्या एका गिऱ्हाइकाच्या टकलाकडे त्यांची बोटं निघाली होती. मी ओरडले म्हणून मागं घेतली.

"चांगलं वाजलं असतं, भाबी," एवढंच म्हणाले.

जाफराबादला आमची पिठाची गिरणी एक्क्याऐंशी साली सुरू झाली. तीन वर्षांत नवरा गेला आणि पट्टा माझ्या हाती आला. शेजारचं घर इस्माईलभाईंचं. ते बँडमध्ये वाजवायचे. लग्नसराईत कोट घालून साईड ड्रम, एरवी जिथं बोलावतील तिथं ढोलक. घरात ते आणि त्यांची बायको खातूनबी. मुली सासरी गेलेल्या. दोन खोल्यांपैकी चांगली खोली वाद्यांना दिलेली, माणसं चुलीपाशी झोपायची.

त्या खोलीत बावीस वाद्यं होती. आंब्याच्या लाकडाचा मोठा ढोल, चार ढोलक, एक तांब्याचा आणि एक मातीचा ताशा, डफ, दिमडी, बंद पडलेल्या बँडचे ड्रम, तडा गेलेला नगारा. प्रत्येकाला खुंटी आणि खातूनबीच्या जुन्या साडीची खोळ. बदनापूरच्या एका गोंधळ्यानं वाजवणं सोडलं, तेव्हा त्याचं संबळ इस्माईलभाईंनी स्वतःची सायकल देऊन आणलं. पुढं दोन वर्षं पायी हिंडले. खातूनबी मला म्हणायची, "बावीस रिकामी पोटं आणून ठेवलीत घरात. तेविसावं माझं."

मातीचा ताशा फक्त मोहरमला निघायचा. एकदा बँडवाल्यानं वरातीसाठी मागितला. इस्माईलभाईंनी त्याला दारातूनच परतवून लावलं. "रडायचं वाद्य नाचायला नेलं की दोन्हीकडं खोटं वाजतंय," म्हणाले.

त्यांच्या घरात ऊन येत नव्हतं, माझ्या गिरणीची भिंत आडवी. म्हणून रोज सकाळी माझ्या अंगणात वाद्यांची पंगत मांडायचे. चामड्याला ऊन लागतं, नाही तर ते सैल पडतं. पीठ उडून वाद्यांवर बसायचं आणि आमचं भांडण व्हायचं.

"गिरणी बंद ठेवू का तुमच्या ढोलासाठी?" मी म्हणायचे.

"ठेवा की. दळण उद्या बी होतंय. चामडं एकदा मेलं की मेलं."

नंतर बाजारात चामड्याऐवजी प्लास्टिकची पानं चढवलेले ढोल आले. त्यांना ऊन नको, शेक नको, पावसातही वाजतात. बँडमधल्या सगळ्यांनी घेतले. इस्माईलभाईंनी एकावर बोट मारून पाहिलं आणि परत दिला. "चामडं झूट बोलत न्हाई, भाबी. आभाळ आलं की सांगतंय, आभाळ आलं. ह्याला काय बी कळत न्हाई. रोज एकच बोलतंय."

एके दिवशी ते नेहमीसारखे गिरणीत आले. डबा वाजवला आणि अर्ध्यावर अंगठा टेकवला. "इथपर्यंत," म्हणाले. मी झाकण काढलं. डबा रिकामा होता. मला वाटलं थट्टा करतायत, म्हणून हसले. ते हसले नाहीत. पुन्हा वाजवला, डब्याला गाल लावून वाजवला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पट्टा बंद करा जरा. घुमून राह्यलाय, काय ऐकू येईना."

लाईट सकाळपासून नव्हती. पट्टा बंदच होता.

जालन्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की कानाची शीर वाळली, यंत्रानंही फार फरक पडायचा नाही. समोर उभं राहून मोठ्यानं बोललं तर त्यांना कळायचं. बँडमध्ये समोरच्याचा हात बघून वाजवायचे, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. अडचण होती ती वाद्य चढवायची. ढोलक किती ताणला ते कानानंच कळतं. थाप ऐकून सांगाल का, असं त्यांनी मला विचारलं.

"मला काय कळतंय त्यातलं?" मी म्हटलं.

"पट्टा सैल झाला की तुम्हाला आत चुलीपाशी कळतंय न्हाई? तसंच हाय. आन् तुम्ही तोंड बघून बोलत न्हाई. खातूनला विचारलं तर ती मला खूश करती."

तेव्हापासून रोज सकाळी दळणाआधी ते ढोलक मांडीवर घेऊन बसायचे. थाप मारून माझ्या तोंडाकडे बघायचे. मी म्हणायचे, "फुटक्या मडक्यावाणी." ते दोरीतली कडी सरकवायचे. "अजून." पुन्हा सरकवायचे. "आता बस." मग ते मान हलवायचे. तीन लग्नसराया अशा निघाल्या. वाजवणारे ते आणि कान माझे. गावात कुणाला पत्ता नव्हता.

चौथ्या वर्षी हसनाबादकडच्या एका खेड्यातून उरुसाचं बोलावणं आलं. दुपारची कव्वालीची बैठक होती. तिथं त्यांचे उस्ताद वाजवायचे. उस्ताद वारले तेव्हा त्यांचा शिसवी ढोलक इस्माईलभाईंकडे आला, तो त्यांनी कधी बाहेर नेला नव्हता. त्या बैठकीत तोच न्यायचा ठरला. महिनाभर त्याला तेल, ऊन आणि माझे कान चालू होते.

जायच्या दिवशी नेमकं आभाळ आलं. हवा ओली. इस्माईलभाई नवा कुडता घालून, डोळ्यांत सुरमा घालून अंगणात उभे. बाहेर जीप भरली होती आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. त्यांनी ढोलक उचलून थाप मारली आणि माझ्याकडे बघितलं.

"बराबर?"

ढोलक सैल होता. ओल्या गोणीवर काठी मारावी तसा आवाज आला. शेगडीवर शेकला असता तर चढला असता, पण तेवढा वेळ जीप थांबली नसती. खोलीत दुसरा चांगला ढोलक खुंटीला होता. दोन पावलांवर. पण मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. त्याआधी मी कधी त्यांच्या तोंडाकडे बघून बोलले नव्हते.

"बराबर," मी म्हटलं.

तिथं काय झालं ते जीपचा ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी दळण घेऊन आला तेव्हा कळलं. बैठक सुरू झाली. इस्माईलभाई गाणाऱ्याच्या हाताकडे बघून वाजवत होते. मग ढोलक आणखी उतरला. गाणाऱ्यानं एकदोनदा मागं वळून बघितलं. इस्माईलभाईंच्या बोटांना चामडं सैल लागत असणार, पण मी बराबर म्हणाले होते. म्हणून ते मान खाली घालून ढोलकाकडे बघायला लागले. नेमकं तेव्हाच गाणाऱ्यानं गाणं थांबवलं. सगळी बैठक गप्प झाली आणि इस्माईलभाई एकटेच मान खाली घालून वाजवत राहिले. लोक हसायला लागले, तेही त्यांना ऐकू आलं नाही. शेवटी पेटीवाल्यानं त्यांचा हात धरला.

"बहिरा झालाय म्हणा की म्हातारा! आम्हाला कुणाला ठावंच न्हवतं," ड्रायव्हर म्हणाला. मी त्याचं पीठ भरून दिलं.

त्या सकाळी अंगण रिकामं होतं. दुपारी मीच त्यांच्याकडे गेले. ते भिंतीला टेकून बसले होते. मी समोर उभी राहून मोठ्यानं म्हटलं, "मी खोटं बोलले."

"मालूम हाय."

"का बोलले ते विचारा."

"ते बी मालूम हाय." मग हाताच्या बोटांकडे बघत म्हणाले, "बोटं सांगून राह्यली होती, भाबी. चामडं बी सांगत होतं. मी तुमचं ऐकलं."

चिडले असते तर बरं झालं असतं. पुन्हा त्यांनी वाद्यं उन्हात काढली नाहीत. बँड सुटला. पावसाळ्यात मी जाऊन म्हणाले, "बुरशी येईल, काढा बाहेर." ते म्हणाले, "ऐकणार कोण?" मी ऐकते असं मला म्हणता आलं नाही. ते गिरणीत यायचे, डब्यांशेजारी बसायचे, पण डबा वाजवायचे नाहीत. तिसऱ्या वर्षी हिवाळ्यात गेले. चार दिवस ताप आला होता.

मोहरमच्या आधी खातूनबीनं खोली उघडली. मला बोलावलं. बावीस वाद्यं आम्ही दोघींनी माझ्या अंगणात मांडली. बहुतेकांची पानं उंदरांनी खाल्लेली. मोठ्या ढोलात उंदरांची पिलं निघाली. मातीचा ताशा तेवढा धड होता, तो मोहरमला गेला. बँडचे ड्रम बँडवाल्यानं नेले आणि त्यांना प्लास्टिकची पानं चढवली. मोठ्या ढोलाला खातूनबीनं खालून पत्रा ठोकला आणि त्यात ज्वारी भरली. "एक पोट भरलं बाई," म्हणाली. हसलो नाही आम्ही.

उस्तादांचा ढोलक तिनं मला दिला. नको म्हटलं तरी ठेवून गेली. तो गिरणीत खुंटीला आहे, त्यावर पीठ बसतं. दळणाला आलेल्या बाया विचारतात, "आजी, वाजतो का हो हा?"

मी सांगते, "सैल हाय."

दोनच शब्द आहेत. जीप दारात उभी असतानाही बोलून झाले असते.