बाराव्या गड्याचा थ्रो

नागपूरला कॉलेजच्या क्रिकेट टीममध्ये मी तीन वर्षं होतो, असं मी लोकांना सांगतो. त्यात खोटं काही नाही. फक्त तिन्ही वर्षं मी बारावा होतो, हे सांगायचं राहून जातं. बाराव्याचं काम म्हणजे पाण्याच्या बाटल्या नेणं आणि कुणाचा पाय मुरगळला की त्याच्या जागी फील्डिंगला उभं राहणं. बॅटिंग नाही, बोलिंग नाही. त्यामुळे चेंडू अडवून लांबून थेट कीपरच्या हातात फेकणं ही एकच विद्या माझ्याकडे होती आणि तिचा मला भयंकर माज होता. अजून आहे.

आम्ही अमेरिकेत श्रूजबरीला राहायला आलो तेव्हा मुलगी पाच वर्षांची होती. नऊची होईपर्यंत तिला बेसबॉलचं वेड लागलं. घरात क्रिकेटचा एवढा मोठा जाणकार असताना! हा खेळ म्हणजे आपल्या क्रिकेटचीच सोपी आवृत्ती, असं मी तिला येताजाता समजवायचो. ती म्हणायची, "बाबा, यू डोन्ट इव्हन नो द रूल्स." रूल्स काय, दोन ओव्हरमध्ये कळतील, असं मी म्हणायचो. मग यात ओव्हर नसतात, हे ती मला पुन्हा एकदा सांगायची.

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात बातमी आली. तिचा सगळ्यात लाडका खेळाडू, ज्याचं पोस्टर तिच्या पलंगामागच्या भिंतीवर लावलेलं होतं, तो दुखापतीतून उठत होता. मोठ्या टीममध्ये परतण्याआधी आमच्यापासून तासाभराच्या अंतरावरच्या एका छोट्या मैदानात तो एक मॅच खेळून बघणार होता. एवढा मोठा माणूस आणि एवढंसं मैदान! त्याने मारलेला चेंडू आपल्या हातात पडण्याची तिथे खरीखुरी शक्यता होती. पोरीने आईकडून लाडवांचा छोटा स्टीलचा डबा मागून घेतला आणि त्यात माझा जुना रुमाल अंथरला. चेंडू त्यात राहणार होता. आठवडाभर तो रिकामा डबा तिच्या उशाशी होता.

"बॉल नाही मिळाला तर काय करशील?" निघताना बायकोने मला दारात विचारलं.

"मी आहे ना!"

"म्हणून तर विचारतेय," ती म्हणाली. ती पुण्याची आहे.

गाडीत पोरीने मला दोनदा नियम सांगितला. बॉल स्टँडमध्ये आला आणि आपण पकडला, तर तो आपला. घरी न्यायचा. मी हो हो म्हणत ड्राइव्ह करत होतो. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे मी साळसूदपणाचा आव आणणार आहे.

रणरणतं ऊन होतं. आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो होतो. तो बॅट घेऊन आला तेव्हा सगळं मैदान उठून उभं राहिलं. पोरगी खुर्चीवर चढली, हातात ग्लोव्ह. पहिला चेंडू त्याने सोडला. दुसऱ्याला बॅटची कड लागली आणि चेंडू उंच, गिरक्या घेत, आमच्याच दिशेने यायला लागला.

मी दोन्ही हात वर केले आणि उघड्या हातांनी कॅच घेतला. तळवे असे चरचरले की डोळ्यांत पाणी आलं, पण चेंडू सुटला नाही. आजूबाजूची माणसं ओरडायला लागली. कुणीतरी पाठ थोपटली.

आणि मी तो चेंडू मैदानात परत फेकला.

काय थ्रो होता म्हणून सांगू! सपाट, सणसणीत, खांद्यातून निघालेला. एक टप्पा पडून थेट त्यांच्या कीपरच्या ग्लोव्हमध्ये. त्याने तो बाजूला टाकून दिला, कारण तिथे असा चेंडू पुन्हा वापरत नाहीत. अख्ख्या स्टँडने माझी हुर्यो उडवली. पुढच्या रांगेतले एक आजोबा मागे वळले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "का केलंस रे बाबा असं?" म्हणाले इंग्रजीत, पण सूर तोच होता.

पोरगी रडली नाही. ग्लोव्ह मांडीवर ठेवून मॅच संपेपर्यंत समोर बघत बसली. परत येताना मी तिला तासभर लेक्चर दिलं. आपल्याकडे क्रिकेटमध्ये चेंडू परत देतात, चेंडू खेळाचा असतो, हात सवयीने उठला. ती "ओके" म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो डबा स्वयंपाकघरात धुऊन पालथा घातलेला होता.

पुढे या प्रसंगाचा मी झकास किस्सा केला. गणपतीत, घरोघरचे डबे जमवून होणाऱ्या पॉटलकमध्ये, कुठेही. "हातात आलेलं सोनं परत केलं, शेवटी संस्कार आहेत यार!" असं म्हटलं की लोक हसून लोटपोट व्हायचे. एक रिटायर्ड डॉक्टर काका तर प्रत्येक वेळी स्वतः फर्माईश करायचे.

चार वर्षांनी आमच्याच घरी पुण्याहून नवीन आलेली दोन-तीन कुटुंबं जेवायला होती. मी किस्सा रंगात आणला, "सवय हो, दुसरं काय" इथपर्यंत पोचलो. तेवढ्यात तेरा वर्षांची मुलगी ताट वाढून घ्यायला आली. एका काकूंनी कौतुकाने विचारलं, "तुला आठवतं का गं?"

"हो," ती म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "बाबा, पण यू लुक्ड ॲट मी फर्स्ट." ताट घेऊन ती वर निघून गेली.

सगळे हसले. मला हसता येईना. कारण खरं होतं ते. चेंडू हातात आल्यावर मी आधी तिच्याकडे बघितलं होतं. ती खुर्चीवर उभी, ओंजळ पुढे केलेली, "बाबा!" म्हणून ओरडत होती. सवय-बिवय काही नाही. समोर तो जगप्रसिद्ध माणूस उभा होता आणि मला त्याला माझा थ्रो दाखवायचा होता. आयुष्यात पहिल्यांदा एवढं पब्लिक होतं! आणि तो बेटा तेव्हा खाली वाकून बुटाची लेस बांधत होता. त्याने बघितलंच नाही.

पाहुणे गेल्यावर मी तिच्या खोलीच्या दाराशी गेलो.

"बघितलं होतं मी तुझ्याकडे," मी म्हटलं. "चुकलंच माझं. सॉरी, बेटा."

"आय नो." ती पुस्तकात डोकं घालून होती. मग वर न बघताच म्हणाली, "गुड थ्रो होता पण."

लाजेने मान खाली गेली होती माझी. तरी छाती फुगलीच हो, काय करू!