बायबलवरचं मातीचं घर

आमच्या चर्चच्या मंडळीत रविवारी शास्त्रवाचन कोणी करायचं, आजाऱ्यांकडे प्रार्थनेला कोणी जायचं, या याद्या मी करते. आजवर यादीत एकही नाव राहिलेलं नाही. आज फडताळ पुसताना दिसलं, माझ्या बायबलवर कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलंय. पुठ्ठ्यापासून पानांच्या कडेपर्यंत.

"चिमूट चिमूट माती आणते ती," सासूबाई म्हणाल्या. "तेवढे दिवस पुस्तक जागचं हललं नाही म्हणायचं."

मी सुरीनं माती उकरली. आत हिरव्या अळ्या होत्या. माशी डंख मारून त्यांना आपल्या पिल्लासाठी कोंडून ठेवते. अळी मरत नाही, तिला फक्त हलता येत नाही. रंग अगदी ताजा राहतो. पिल्लू तिला जिवंतपणीच खातं.

मीही रविवारी सगळ्यांना ताजीतवानीच दिसते. प्रभूशी एकटीनं बोलून किती दिवस झाले, हे माझ्या कुठल्याच यादीत नाही.

एका अळीला काडी लावून पाहिली. हलली नाही. पुन्हा लावली. तिसऱ्यांदा तिचं टोक जेमतेम हललं. तेव्हा कुठं माझ्या तोंडून "प्रभू" एवढं निघालं. पुढचा शब्द काही केल्या येईना.