आफ्रिकेहून निघालेली माणसं आणि कळंबची पोपटी

टक्, टक्, टक्. कळंबच्या शाळेत गुरुजींची छडी नकाशावर आफ्रिकेतून निघायची, अरबस्तानाचा किनारा धरून हिंदुस्थानात शिरायची आणि पार ऑस्ट्रेलियाला टेकायची. आदिमानव असाच पिढ्यान् पिढ्या चालत, अरुंद पाणी ओलांडत गेला, हे ते कवितेच्या चालीत सांगत. तेव्हा बाकावर शेजारी बसणाऱ्या नामदेवनं आणि मी ठरवलं होतं, समुद्र एकदा जोडीनं बघायचा.

मी पाहिला. कळंबच्या ठाकूरवाडीतला नामदेव अजून राहिलाय. हल्ली दोघांचेही गुडघे कुरकुरतात, म्हणून म्हटलं, या थंडीत त्याला अलिबागला न्यायचंच.

खालापूरहून एसटीनं चौक, तिथं ढाब्यावर मिसळ, मग कर्जत आणि पुढे कळंबची सहा आसनी रिक्षा. भाडं आधी विचारून बसा. शनिवार-रविवारी रिसॉर्टच्या गाड्या रस्ता अडवतात, तेव्हा मधल्या वारी जा. पिवळ्या गवतावर ऊन पडलेलं असतं. मला तर शाळेतल्या सगळ्या कविता आठवायला लागल्या.

नामदेवच्या बायकोनं, आंबीवहिनींनी, अंगणात पोपटी लावली होती. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी. मडकं उपडं आणि भोवती जाळ.

"चल रं, उद्याच निघू," मी म्हणालो.

"शेळ्या कोन बघंल?" नामदेव म्हणाला.

"लेका, माणसं आफ्रिका सोडून निघाली."

"त्यांच्याकडं शेळ्या नसतील."

हे मात्र खरं. माणूस शेळ्या पाळायला लागला तो फार नंतर.

वहिनींनी मडक्यावर पाणी शिंपडलं. चर्र झालं, म्हणजे पोपटी शिजली. वाफाळत्या शेंगा परातीत ओतत त्यांनी विचारलं, "भावजी, त्या चालनाऱ्यांत बाया व्हत्या का?"

"होत्या तर. नाहीतर आपण कुठून आलो असतो?"

"त्यांना कुनी इचारलं व्हतं का, येता का म्हनून?"

नामदेव शेंगा सोलत राहिला. मीही.

संध्याकाळी एकटाच परतलो. हिरमुसलो होतो, तरी बोटांना भांबुर्ड्याचा वास होता आणि ओठांवर गुरुजींची चाल. "नाही ना आला?" बायकोनं विचारलं आणि हसली.

आज सकाळी हे लिहीत बसलो होतो, तेवढ्यात कडी वाजली. दारात आंबीवहिनी. ठेवणीतलं लुगडं, काखेत वालाच्या शेंगांचं गाठोडं.

"त्यांना बघू द्या शेळ्या," त्या म्हणाल्या. "अलिबागची गाडी कुठनं सुटते?"