हनुवटीला हात लावलेला माणूस

१९९४ साल होतं आणि मला अडुसष्टावं लागलं होतं. सांगलीच्या हळद बाजारात उभी हयात पोती उचलली, चौथीनंतर शाळेचं तोंड पाहिलं नाही. तरी मुलाच्या, विलासच्या, हट्टापायी तीन महिन्यांसाठी अमेरिकेत सनीव्हेलला गेलो. तो तिथं अपार्टमेंटमध्ये राहतो (चाळच ती, फक्त शेजारी दिसत नाहीत).

परतायला आठवडा उरला तेव्हा विलास म्हणाला, "आबा, आई गेली. तिकडं एकटे कशाला राहता? इथंच राहा. तिकीट कॅन्सल करतो."

"नाही," मी म्हणालो.

"पण का?"

"नाही म्हणजे नाही. टोळीचा मुकादम होतो मी. विचार करत बसलो असतो तर ट्रक भरले नसते."

 तो जेवताना पानातच बघत राहिला. माझ्या नकारापेक्षा कारण न सांगणं पोराला लागलं होतं. सोमवारी तिकिटाचं कळवायचं होतं.

रविवारी त्यानं मला गाडीत घातलं. "जगात नाव असलेली शिल्पं दाखवतो." जवळच्या एका युनिव्हर्सिटीत गेलो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ताडासारखी झाडं, पण ताडी काढणारा एक नाही. म्युझियमपाशी पोचलो तर दाराला कुलूप. मागं भूकंपात इमारतीला तडे गेले, तेव्हापासून बंद.

"एवढं लांब आलो आणि देऊळच बंद!"

"आबा, पुतळे बाहेर बागेतपण आहेत."

बागेत काशाचा एक अवाढव्य दरवाजा उभा होता. त्याला माणसंच माणसं लोंबकळलेली. विलास म्हणाला, हा नरकाचा दरवाजा, फ्रान्सच्या एका शिल्पकारानं घडवलेला. मी ढकलून पाहिला.

"आबा, हात नका लावू! तो उघडत नाही."

"मग लोक आत जातात कुठून?"

बाजूला एक उघडी बाई हातांनी अंग आवळून, लाजून उभी होती. मी मान वळवली. मग पुन्हा पाहिलं. अशी लाज खरोखरीच्या बाईच्याच पाठीत असते. कसं उतरवलं असेल?

दरवाजाच्या वरच्या अंगाला एक छोटा माणूस बसला होता. "त्याचाच मोठा पुतळा पलीकडं आहे," विलास म्हणाला. दीपानं, सूनबाईनं, दिलेली थालीपिठं झाडाखाली खाऊन आम्ही तिकडं गेलो.

चौथऱ्यावर हा धिप्पाड गडी, अंगावर चिंधी नाही, हनुवटीला हात लावून बसलेला. आमच्यात असं कुणी बसलं की घरातलं वडीलधारं हातावर चापट मारतं. घरात कुणी गेल्यासारखं बसू नये. मी सवयीनं ओरडलो, "ए, हात काढ!"

बाकावर चित्र काढत बसलेल्या पांढऱ्या केसांच्या बाईंनी वर पाहिलं. विलासचे कान लाल झाले. त्यानं त्यांना इंग्रजीत समजावलं. त्या खळखळून हसल्या.

"आबा, त्या विचारतायत, तुमच्याकडं विचार करताना कसं बसतात?"

"सांग, आमच्याकडं उभ्यानं विचार करतात."

"किंवा करतच नाहीत," विलास पुटपुटला. पण मला ऐकू यावं इतपत.

मी रागानं पुतळ्याला वळसा घातला. पाठ पाहिली आणि थबकलो. मला वाटायचं, विचार करणं हे कारकुनांचं काम. हा तर माझ्या टोळीत शोभला असता. खांदे ताणलेले, पायाची बोटं दगडाला घट्ट धरलेली. ओझं कुठं दिसत नव्हतं, पण अंगावर होतं. आणि उजवं कोपर डाव्या मांडीवर! असं बसता येतं का, म्हणून मी बाकावर तसाच बसून पाहिलं.

बाईंनी लगेच कागद उलटला.

"हलू नका म्हणतायत," विलास म्हणाला. "तुमचं चित्र काढतायत."

आता उठलो तर हरल्यासारखं. कंबर भरून आली तरी बसलो. हलता येईना, बोलता येईना. मग दुसरं काय करणार? राहायला 'नाही' का म्हणालो, ते आठवत बसलो.

परतताना गाडीत म्हणालो, "विलास, तू मला गाडीत ठेवतोस, गाडीतून काढतोस. इथं आल्यापासून मी एकदाही एकटा बाहेर पडलेलो नाही. जन्मभर ओझी उचलली रे, आता ओझं होऊन राहवत नाही."

त्यानं गाडी कडेला घेतली. "हे आधी का नाही सांगितलंत?"

"मलाच आत्ता कळलं."

"एकट्यानं फिरता आलं तर राहाल?"

"कॅन्सल करू नको. पुढं ढकल. बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला जाताना विलासनं मला रेल्वे स्टेशनवर सोडलं. गाडी येईपर्यंत थांबतो म्हणाला. मी त्याला हुसकून लावलं. मशीनमधून तिकीट काही निघेना, तेव्हा पाठीमागच्या माणसाकडं नुसतं पाहिलं. त्यानं दोन बटणं दाबून दिली. दुमजली गाडी आली. मी वर चढलो आणि खिडकीपाशी बसलो. कुठं उतरायचं ते ठरवलं नव्हतं.