नाक्यावरची शांतता

बी. ए.ला मी पहिल्या खेपेला इंग्रजीत नापास झालो, तेव्हा घरात कोणी रागावलं नाही. नापास होण्याइतकंही त्याआधी आमच्याकडे कोणी शिकलेलं नव्हतं. वडिलांना आंजी गावातल्या आमच्या शेताबाहेरच्या दोनच गोष्टी पक्क्या माहीत होत्या. एक वर्ध्याची शाळा, जिथून मी मॅट्रिक झालो, आणि दुसरा पुलगावचा दारूगोळ्याचा डेपो, जिथे गावातली चार पोरं मजुरीला लागली होती. ते म्हणाले, "आणखी एकडाव बसून पाह्य. नाई जमलं त डेपोत लागून जाजो." त्यांच्या बोलण्यात धमकी नव्हती, सोय होती. म्हणूनच मला भीती वाटली.

नागपूरच्या खोलीत आम्ही पाच जण राहत होतो आणि त्यातला एक बासरी शिकत होता. नापास होण्याचं कारण मी त्या बासरीवर ढकललं. आईने ते खरं मानलं आणि मला मामांकडे पाठवलं.

मामा जंगलखात्यात नाकेदार होते. कारंज्याच्या पुढे मोठ्या सडकेवरून एक कच्चा रस्ता सागाच्या जंगलात शिरायचा. तिथे रस्त्यावर एक आडवा बांबू आणि बाजूला कवेलूंच्या छपराची दोन खोल्यांची झोपडी, एवढा त्यांचा नाका. लाकडाच्या बैलबंड्या थांबवायच्या, पास पाहायचा, बांबू वर करायचा. मामा-मामी दोघंच राहत. अर्ध्या मैलावर वीसेक घरांची वस्ती. थंडी चांगली पडल्यावर मी पुस्तकांची ट्रंक घेऊन तिथे पोचलो.

आमच्यात मामा भाच्याच्या पाया पडतो आणि त्याच्याकडून काम करून घेत नाही. हा भाचा तर वर बी. ए.ला बसणारा. पहिल्या दिवशी मी विहिरीवर घागर घेऊन गेलो तर मामी मागून धावत आली. संध्याकाळी सरपण आणायला उठलो तर मामा म्हणाले, "बापू, तू फक्त वाच. बाकी जंगल मी पाहून घेतो."

त्यांनी ते खरोखर पाहून घेतलं. मामीने मिरची कांडणं बंद केलं. ती उखळ डोक्यावर घेऊन वस्तीत कांडून यायची. मामांना खोकला आला की ते सागांच्या मागे लांब जाऊन खोकत. बंडीवाले वळणावरच खाली उतरत आणि बैलांच्या कानाशी काही तरी पुटपुटत, त्यांना पायी नाक्यावरून नेत. सागाची पानं मात्र मामांचं ऐकत नव्हती. ती मोठमोठी, वाळलेली, पापड मोडल्यासारखा आवाज करत खाली येत, आणि प्रत्येक पानाला मामा वर झाडाकडे रागाने बघत.

मला ही शांतता फार मानवली. सकाळी दहिवर ओसरेपर्यंत शेकोटीजवळ गुळाचा चहा. मग अंगणात उन्हात खाट. दुपारी भाकर, भाजलेल्या वांग्याचं भरीत, वर पातीचा कांदा आणि तेल. त्यानंतर मी इंग्रजी निबंधांचं पुस्तक उघडून खाटेवर पडायचो. उन्ह पायापासून वर चढत गुडघ्यापर्यंत यायचं, आणि तिसऱ्या ओळीच्या पुढे त्या पुस्तकात काय लिहिलं आहे ते मला जानेवारी अर्धा संपला तरी कळलेलं नव्हतं.

वस्तीची गुरं राखणारा म्हातारा, म्हणजे तिथला गायकी, रोज सकाळी चाळीसेक गुरं घेऊन नाक्यावरून जंगलात जायचा आणि उन्हं उतरताना परत यायचा. गुरांच्या गळ्यात लाकडी घंटा होत्या, पण त्या वाजत नसत. मी नागपूरच्या मित्राला पत्र लिहिलं की, या वनात असं गांभीर्य आहे की गायीदेखील चिंतनात असल्यासारख्या चालतात. बासरीवाल्यालाही ते वाचून दाखव, असं खाली लिहिलं.

एकदा डोळा लागता लागता मामांचं बंडीवाल्याशी चाललेलं बोलणं कानावर आलं.

"हळू ने. भाचा पाठ करून राह्यला."

"डोये मिटून?"

"बी. ए. डोये मिटूनच होते. उघड्या डोयानं त म्याबी चौथी केली."

हे ऐकून मी उठून बसायला हवं होतं. पण उठून बसलो असतो तर मामा खोटे पडले असते, असा विचार करून मी तसाच पडून राहिलो.

मग एका दुपारी गायकी गुरांशिवायच आला. वस्तीतली एक तांबडी गाभण गाय दोन दिवस घरी आली नव्हती. म्हाताऱ्याचे पाय काट्यांनी ओरबाडले होते. त्या बाजूला बिबट्या फिरत असल्याचं बंडीवाले सांगत होते. मामा नाका सोडू शकत नव्हते, म्हणून मी पायात चपला सरकवल्या. मामा आडवे आले, "बापू, तुहा अभ्यास." मी म्हटलं, "एक दिवस." इतका निश्चयी मी त्या हिवाळ्यात आधी कधी झालो नव्हतो.

जंगलात शिरल्यावर मी शहाणपणाने विचारलं, "बाबा, घंटेच्या आवाजाच्या अंदाजाने जाऊ या ना."

म्हातारा थांबला. "घंटी कशी वाजन, बाबू? सगळ्यायच्या जिभा बांधल्या हायेत म्या. चिंधीनं."

"काऊन?"

"नाकेदारसाहेब म्हणे तुमची परीक्षा हाय. मार्चपर्यंत बांधून ठेव म्हणे."

चाळीस गुरं जंगलात चरतात आणि त्यांची खबर राखणाऱ्याला फक्त आवाजावरून असते. महिनाभर तो म्हातारा एकेका जनावरामागे डोळ्यांनी धावत होता, आणि मी मित्राला चिंतनाबद्दल लिहीत होतो.

दिवस कलायच्या आत आम्हाला ती गाय नाल्याच्या कपारीत सापडली. व्यायला लपली होती. शेजारी वासरू, अजून पाय नीट न टेकणारं. म्हातारा खाली बसला आणि गाईला आईवरून शिव्या देत वासरू पुसू लागला. मी म्हटलं, "बाबा, आता घंटा सोडा."

"नाई बाबू. गाय सापडली ना. तुमचं पास होनं मोठं हाय."

"मी अभ्यास करत नाही. मी झोपतो."

तो वासरू पुसतच राहिला. "माहीत हाय."

"कोणी सांगितलं?"

"सांगाले काय पाह्यजे? तुमी घोरता. घंट्या बांधल्यापासून त वळणापर्यंत साफ ऐकू येते." मग, माझ्या मानासाठी असावं, तो म्हणाला, "वस्तीत कोनी हसत नाई. नाकेदारसाहेबानं सांगून ठेवलं हाय का ते इंग्रजी हाय."

परतताना वासरू त्याच्या खांद्यावर होतं आणि माझी मान खाली होती. घरी मी मामांना सगळं सांगितलं. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मामीला म्हणाले, "पाह्य, डोकं थकलं पोट्ट्याचं. उद्यापासून दूध वाढव." त्यांनी मला दोष द्यायचं नाकारलं. त्या प्रेमापुढे माझी बी. ए. तिथेच संपली असती. पण म्हातारा अंगणातून म्हणाला, "साहेब, बाबूले माह्यासंग धाडा. आतमंदी यापरीस शांत हाय."

यापेक्षा शांत जागा आहे हे ऐकून मामांनी लगेच परवानगी दिली.

दुसऱ्या दिवसापासून मी गुरांमागे जाऊ लागलो. नाका ओलांडेपर्यंत सगळ्या चिंध्या जागच्या जागी असत. वळण मैलभर मागे पडलं की म्हातारा एकेक गळा धरून त्या सोडायचा आणि चाळीस घंटांचा खडखडाट सुरू व्हायचा. त्यात स्वतःचा शब्द ऐकू यायचा तर मोठ्याने वाचावं लागे. चालताना झोप येत नाही, हा शोध मला लागला. बसलो की म्हातारा लांबून ओरडायचा, "बाबू, आवाज नाई येत." त्याला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं, पण मी कुठे अडखळलो ते बरोबर कळायचं. "हे कालबी तिथंच अटकलं होतं. पुन्हा म्हना." मी पुन्हा म्हणायचो. हिवाळा संपेपर्यंत ते निबंध मला पाठ झाले आणि अर्ध्याअधिक गुरांनीही ते पुरे ऐकले. त्यांच्यापैकी कोणी झोपलं नाही. संध्याकाळी वळणाच्या बरंच अलीकडे चिंध्या पुन्हा बांधल्या जात, आणि मी घसा बसलेला, धुळीने माखलेला, मुकाट नाक्यावर येई. मामा मामीला कौतुकाने म्हणत, "इतका मौनात राह्यतो का आता बोलनंबी जमत नाई त्याले."

मार्चात परीक्षा दिली. जूनमध्ये निकाल लागला: तिसरा वर्ग, इंग्रजीत काठावर. तिसऱ्या दिवशी वडील म्हणाले, "म्हंजे डेपो नाई," आणि पेरणीला निघून गेले. पुढच्या वर्षी मी मास्तर झालो, तेव्हाही त्यांना बहुधा तेवढंच म्हणायचं होतं.

निकाल सांगायला मी नाक्यावर गेलो. मामांनी कारंज्याहून गुळाची ढेप आणवली. ती फोडून त्यांनी वस्तीत घरोघर खडे वाटले, मी त्यांच्या मागे. प्रत्येक दारात ते हात जोडून म्हणत, "तुमी चूप राह्यले म्हणून आमचा भाचा बी. ए. झाला." बाया पदराने तोंड झाकून घेत. माझ्या जिभेवर खरी गोष्ट येई, पण मामांच्या चेहऱ्याकडे पाहिलं की मी तीही पाठ केल्यासारखी आतच ठेवी.

शेवटी गायकीचं घर आलं. त्याला मामांनी सगळ्यांत मोठा खडा दिला. म्हाताऱ्याने तो उंबऱ्यावर ठेवून दगडाने बरोबर मधोमध फोडला आणि अर्धा माझ्या हातावर ठेवला. हळूच म्हणाला, "तुमीबी लई ओरडले, बाबू."

वाटेत मामा म्हणाले, "म्हातारपनी गोड सोसत नाई बिचाऱ्याले."

मी गूळ खात होतो. मी हो म्हटलं.