टबाची नाळ

होड्यांना चोळायच्या तेलाचा वास वाडीत पसरला की मला आमच्या गरम पाण्याच्या टबाचा पहिला पावसाळा आठवतो. घरी उतरणाऱ्या पाहुण्यांसाठी तो गोल टब मी हट्टाने घेतला होता, आणि समुद्रावर जन्म काढलेले सासरे त्याला ‘तुझी काहील’ म्हणायचे. मे संपताना शेवटचे पाहुणे गेले तेव्हा नवरा म्हणाला, पाणी काढून वर प्लास्टिक बांधूया. आमच्या पावसात प्लास्टिक टिकतं होय? मी वायर सोडवली, टब रिकामा केला, आणि आमची होडी वर ओढायला जमलेल्या शेजाऱ्यांनाच हाक मारली. त्यांनी हसत हसत टब उचलला आणि मांगराच्या छपराखाली होडीच्या शेजारी उपडा घातला. वर माडाच्या झावळांचे झाप रचले. सासऱ्यांनी रिवाजाप्रमाणे होडीला कुंकू लावलं, तिच्या नाळेपाशी, म्हणजे पुढच्या टोकाशी, नारळ फोडला. मग दुसरा नारळ घेऊन ते टबाकडे आले आणि त्याला एक फेरी मारून थांबले. “गो, ह्येची नाळ खंय?” चेहऱ्यावर थट्टा अजिबात नव्हती. मी बेधडक समुद्राकडची बाजू दाखवली, आणि त्यांनी तिथेच नारळ फोडला. यंदा नवऱ्याने टबाला कुंकू चुकून रस्त्याकडच्या बाजूला लावलं, तेव्हा सासऱ्यांच्या आधी मीच ओरडले, “अहो, ती मागची बाजू!”