सुपडूनानांचे चार बुश

चालू यंत्र दिसलं की सुपडूनाना त्यावर उजवा तळहात ठेवायचे. शेजाऱ्यांचा फ्रिज असो, पिठाची गिरणी असो, नाहीतर स्टँडवर घरघरत उभी असलेली एसटी असो, विचारण्याची पद्धत नाही. माझी त्यांची ओळखही अशीच झाली. मी धुळ्याची वकील, कोर्टाच्या कामाला जळगावला आले होते. रस्त्याच्या कडेला गाडी चालूच ठेवून फोनवर अशिलाशी वाद घालत होते, आणि समोर पाहते तो पांढऱ्या टोपीतला एक किरकोळ म्हातारा माझ्या बॉनेटवर हात ठेवून डोळे मिटून उभा. काच खाली करून मी खडसावणार होते. त्याआधी तेच म्हणाले, "ताई, इंजिन नाचस. त्याना पाय गयात."

आता हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझी गाडी वीस वर्षांपूर्वीची, एके काळी रॅलीत पळालेली. पुण्याच्या एका हौशी माणसाकडून मी ती हट्टाने घेतली. नवरा म्हणतो, तुझ्या स्वभावाला शोभेल अशी ही एकच वस्तू तू आजवर घेतलीस. इंजिन ज्या चार आधारांवर बसतं त्यांतलं रबर कुजलं होतं. ॲक्सिलरेटर सोडला की खालून धप्प आवाज यायचा, गिअर टाकला की सगळी गाडी दचकायची. नवे आधार कुठे मिळत नव्हते. रबराऐवजी पॉलियुरेथेन या टणक प्लास्टिकचे बुश, म्हणजे जाड पोकळ कड्या, बसवतात, असं मी वाचलं होतं. धुळ्यातल्या मेकॅनिकांना विचारलं तर त्यांनी गाडी विकायचा सल्ला दिला.

नानांना मात्र हे प्रकरण नवं नव्हतं. अमळनेरजवळच्या खेड्यातून आलेला हा माणूस जळगावच्या एका डाळ मिलमध्ये चाळीस वर्षं फिटर होता. मिलमधल्या मोठ्या चाळण्या दिवसभर थरथरत असतात, आणि त्यांच्या पायांत हेच बुश असतात. निवृत्त झाल्यावर नानांनी नशिराबाद रस्त्याला घराशेजारी पत्र्याची शेड टाकून कातकामाची एक जुनी लेथ बसवली होती. खाटेखाली पीयूच्या, म्हणजे त्याच पॉलियुरेथेनच्या, पिवळ्या कांड्या ठेवलेल्या. एक कांडी माझ्या हातात देऊन ते म्हणाले, "रबर सहन करस. हाई पीयू बठ्ठं सांगी देस. तुमले चाली का?"

म्हणजे इंजिनाची बारीकसारीक थरथरही आत कळणार. मी म्हटलं, चालेल. सहन करणं हा तसाही माझा प्रांत नाही.

त्यांचा मुलगा भूषण मला बाहेर घेऊन गेला. प्लास्टिकच्या कारखान्यात नोकरीला असलेला, शांत, सरळ माणूस. त्याचं म्हणणं होतं की नानांना हे काम देऊ नका. नानांचा उजवा हात कापतो. एखाद्या दिवशी लेथमध्ये जाईल. मग मला उमगलं की नाना यंत्रावर हात का ठेवतात. यंत्राच्या थरथरीत हाताची थरथर कोणाला दिसत नाही. मी काम नानांनाच दिलं, तेव्हा माझ्यासमोर बापलेकांत एक ठरलं. हे काम बरोबर उतरलं तर लेथ राहील. नाही उतरलं तर लेथ जाईल आणि नाना एक शब्द बोलणार नाहीत. हे सगळं मला ठाऊक होतं, हे आधीच सांगून ठेवते. पुढे मी जे केलं ते अजाणतेपणी केलं असं कोणी म्हणू नये.

बुश कातायला नानांनी आठ दिवस घेतले. मी तीनदा फोन केला. रविवारी जुन्या गाड्यांच्या आमच्या मंडळाबरोबर शिरपूरहून वर सातपुड्याच्या घाटात जायचं होतं, म्हणून शनिवारी गाडी घेऊन शेडमध्ये हजर झाले. नानांचं काम बघणं म्हणजे माझ्यासारखीला शिक्षाच. इंजिनाखाली लाकडाची फळी, फळीखाली जॅक. जुनं रबर काढलं, भोक घासून पुसलं, ग्रीस लावलं, बुश आत दाबला, मधे लोखंडी नळी घातली. असं चार वेळा. मधेच हात फार कापायला लागला की ते थांबायचे, तो काखेत दाबून धरायचे आणि शेडबाहेर बघत राहायचे. मी येरझाऱ्या घालत होते, घड्याळ पाहत होते, फोन काढून पुन्हा आत ठेवत होते.

चारही बोल्ट हातानेच अडकवून नाना उठले. म्हणाले, आता जॅक काढायचा, इंजिन चालू करून दोन-चार वेळा हलवायचं, त्याला त्याच्या वजनाने बसू द्यायचं, मग पाना लावायचा. "बसू द्या त्याले. त्यानी जागा तो सोता धुंडी लेस." एवढं बोलून ते घरात जेवायला गेले. मलाही बोलावलं. मला भूक नव्हती, मला घाट दिसत होता. अर्धा तास झाला. पाना तिथेच पडला होता. बोल्ट आवळायला काय अक्कल लागते, असं मनाशी म्हणत मी गाडीखाली सरकले आणि जॅक तसाच ठेवून चारही बोल्ट ताकदीनिशी आवळले. मग जॅक काढला. नाना आले, त्यांना सांगितलं, झालं सगळं, बसलं ते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण वकीलबाईवर अविश्वास दाखवण्याची त्यांची रीत नव्हती.

गाडी चालू केली आणि दातावर दात आपटायला लागले. आरसा थरथरत होता, स्टिअरिंग धरलेल्या हातांना मुंग्या येत होत्या. भूषण धावत बाहेर आला. रविवार हातचा गेला एवढंच मला दिसत होतं. मी खाली उतरून म्हणाले, "नाना, तुमचा हात कापतो. बुश वाकडे कातले गेलेत." भूषणसमोर म्हणाले. साक्षीपुराव्याशिवाय कोणाला दोषी ठरवू नये, हे सांगून मी रोज पोट भरते.

नाना उजवा हात काखेत धरून उभे राहिले. भूषणने त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी होकारार्थी मान डोलावली.

तीन आठवडे मी तशीच गाडी हाकली आणि भेटेल त्याला नानांची तक्रार ऐकवली. शेवटी धुळ्यातल्या एका मेकॅनिककडे बुश काढायला दिले. मी बाजूलाच उभी होते. त्याने पहिला बोल्ट ढिला केला मात्र, इंजिन टक्कन दोन सूत बाजूला सरकलं. तो वर न बघता म्हणाला, हे आवळलं कोणी? इंजिन जॅकवर लटकलेलं असताना आवळलंय. बुशचा काय दोष, बिचारे तिरके दाबले गेलेत. त्याने चारही बुश मोजले आणि मला म्हणाला, हे कातणारा माणूस मला पाहिजे.

गाडी तिथेच राहिली. बुश पिशवीत घालून मी मिळेल ती एसटी धरली. सगळ्या वाटेत मला धड बसवेना. कंडक्टरने दोनदा विचारलं, ताई, तुम्हाला उतरायचंय का.

शेडमध्ये लेथ नव्हती. जमिनीतून चार नट-बोल्ट तेवढे वर आलेले दिसत होते. नाना खाटेवर होते, आणि भूषण त्यांना चहा बशीत ओतून देत होता. घरची बोली मी कोर्टात कधी वापरत नाही, पण त्या दिवशी तीच तोंडात आली. "नाना, चूक मनी व्हती." जॅक, पाना, सगळं दोघांसमोर सांगितलं. मला वाटत होतं, नानांनी ते तेव्हाच ओळखलं असणार आणि मोठेपणाने गिळलं असणार. तसं नव्हतं. नाना म्हणाले, "माले वाटनं, हातच गया."

त्यांनी माझा शब्द खरा धरला होता. याच्यापेक्षा त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यांनी व्हर्नियर मागवलं. स्वतः धरून पाहिलं, पण बुश आणि व्हर्नियर एकमेकांवर खडखडायला लागले, म्हणून भूषणकडे दिलं. भूषणने पहिला मोजला. बासष्ट पॉइंट चार. दुसरा, बासष्ट पॉइंट चार. तिसरा तेवढाच. चौथाही तेवढाच. "फिरीसन वाच," नाना म्हणाले. भूषणने पुन्हा पहिला घेतला, आकडा म्हटला, दुसरा घेतला आणि व्हर्नियर खाली ठेवलं. लेथ कुठे गेली, परत मिळेल का, मी विचारलं. ज्याने नेली त्याने तिचे भाग सुटे करून विकले होते.

निघताना तीन बुश नानांनी मला परत दिले, एक ठेवून घेतला. गाडीच्या चौथ्या पायात मी धुळ्यातून काहीतरी करून घेतलं. त्या कोपऱ्यातून अजून धप्प आवाज येतो.

पुढच्या उन्हाळ्यात नाना गेले. दहाव्याला भूषण भेटला तेव्हा मी खालीच बघत होते. तो म्हणाला, शेवटपर्यंत जो येईल त्याच्या हातात नाना तो पिवळा बुश द्यायचे आणि म्हणायचे, "हाऊ मना शेवटला. मोजी पहा." लोक विचारायचे, कोणाच्या गाडीचा? ते त्यांनी कोणालाच सांगितलं नाही.